उजेडाला घाबरणारी फुलं

मी एक जुनी काच आहे. दोन हात लांब, हातभर रुंद, एका कोपऱ्यात टवका उडालेली. मित्रांनो, पूर्वी मी मालवणात एका खाजेवाल्याच्या पेटीला होते. मुलं माझ्यावर नाक टेकून गुळाचं खाजं बघायची. दुकान बंद झालं आणि मी एका पडवीत लाकडांमागे जाऊन पडले. आठ वर्षं पालींशिवाय माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

कावेरीने मला उचललं. ती शाळेत शिकवते. हळदीचा डाग उन्हात उडतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं; तिने त्याचीच छपाई केली. हळदीच्या पाण्यात भिजवलेलं कापड अंधारात वाळवायचं, त्यावर पान, पानावर मी, आणि तीन तास कडक ऊन. उघडं कापड पांढुरकं होतं, पानाखालचं पिवळं राहतं. फणस, रातांबा, कुडा, सगळ्यांची पानं मी दाबून धरली. शेजारणी म्हणायच्या, "काच तुझी हुशार गो!" मी आतल्या आत फुगायचे.

भाद्रपदात घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, साचलेल्या पाण्यात सीतेची आसवं नावाची फुलं येतात. नखाएवढी, निळीजांभळी. यंदा गणपती गेले आणि कावेरीचे थोरले दीर, भाई, म्हणाले, "उद्यां जेसीबी येतलो. सड्यार चिरेखाण सुरू करूची आसा."

"भाई, पंधरा दीस थांबा. शाळेतल्या पोरांका फुलां दाखवूची आसत."

"अगो, म्हशीसुद्धा खायत नाय ता! पोरांका काय दाखवतलंस?"

सकाळी कावेरीने सड्यावरून आणलेल्या त्या फुलांच्या सात काड्या हळदीच्या कापडावर मांडल्या आणि मला वर ठेवलं. आभाळ भरलेलं. तिची आठ वर्षांची लेक दिव्या ढगाकडे बघून फुंकर मारत होती.

"आये, तू पण फुक गो!"

कावेरीनेही फुंकर मारली.

ऊन आलं आणि त्याच वेळी पलीकडे जेसीबी घरघरला. जमीन हादरली. माझ्याखालच्या काड्या थरथरल्या. भाईंनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली, "बाबली, आधी चाय पी मरे!"

अर्धा तास मिळाला. तो पूर्ण अर्धा तास सूर्य ढगात होता. चहा संपला, मशीन सुरू झालं आणि मग लख्ख ऊन पडलं. मी होतं नव्हतं ते सगळं ऊन आत सोडलं. काच आणखी काय करणार?

दुपारी कावेरीने मला उचललं. कापडावर सात पुसट सावल्या होत्या. मागे सड्याच्या जागी लाल चिखल.

ते कापड तुरटीच्या पाण्यातून काढलं, तरी हळदच ती. उजेडात उडतच जाते. म्हणून ते ट्रंकेत असतं. शाळेतली मुलं हट्ट करतात, तेव्हा कावेरी दहा अंक मोजेपर्यंत उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी फुलं थोडी कमी झालेली असतात.

मित्रांनो, ओढ्यापलीकडे अजून एक सडा आहे. तिथली फुलं अजून उन्हाला घाबरत नाहीत. आजच जा. मला नेऊ नका. खाली बसून उघड्या डोळ्यांनी बघा, आणि घरी आलात की मोठ्या माणसांना विचारा, तो सडा खाणीसाठी कुणाला द्यायचं ठरलंय का. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.