मागच्या सीटची ओल

बालमित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि आता मी जे सांगणार आहे त्यातलं अक्षरही तुम्ही खरं मानणार नाही. नका मानू. फक्त तूर्तास बाहेरच उभे राहून ऐका. आत बसायचं मागाहून बघू.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग दुधावरच्या सायीसारखा होता. लोक माझ्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचे. मग मी टॅक्सी झाले. माझा ड्रायव्हर बोलका होता आणि माझा हॉर्न त्याहून बोलका. आम्ही दोघांनी मिळून साऱ्या शहराला बाजूला सारलं.

मला माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. लक्षात राहतात ती दारं. कोण कुठल्या दाराने चढलं, कुठल्या दाराने उतरलं, हे मला झोपेतही सांगता येतं. त्या हिशेबात आजवर एकदाच चूक पडली.

भर पावसातली दुपार होती. एक बाई डाव्या दाराने चढल्या, मागच्या सीटच्या कोपऱ्यात बसल्या आणि निथळती छत्री दोन्ही पायांच्या मध्ये टेकवून त्यांनी पत्ता सांगितला. तिथे पोचल्यावर ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, तर सीट रिकामी आणि ओली. बाई वाटेत कुठेतरी सटकली असं समजून तो बराच वेळ तोंडाचा पट्टा चालवत राहिला. पण मित्रांनो, दार उघडलंच नव्हतं. माझं दार आहे, मला नाही कळणार?

पुढे माझं वय झालं. ज्या हातांनी मला रोज पुसलं त्याच हातांनी मला एका भिंतीआड नेऊन उभं केलं. टायर बसले, रंग उडाला. एका मांजरीची दोन-तीन बाळंतपणं माझ्या पुढच्या सीटवर झाली. मागच्या सीटवर मात्र ती कधी गेली नाही. नुसती तिकडे बघत बसायची.

तिथून मला उचललं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. दवाखाना बंद करून ते घरी बसले होते, पण त्यांचे हात बसायला तयार नव्हते. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताईंना वाटलं, चला, आता भाऊ आपल्याला गाडीतून फिरवेल. डॉक्टरांनी मला घासलं, रंगवलं, आणि माझ्या दारांच्या तळाशी बारीक भोकं आहेत असं त्यांना दिसलं. आयुष्यभर भोक दिसलं की भरणारा माणूस तो, दुसरं काय करणार? कडा खरवडल्या, कोरड्या केल्या, आणि दवाखान्यातलं उरलेलं सिमेंट ठासून भरलं. वर मला बजावलंही, की आता दोन तास काही खाऊ नकोस.

पाऊस सुरू झाला आणि मी आतून गळू लागले. पायांपाशी तळं साचायचं. मागच्या सीटचा कोपरा तर उन्हातही ओला असायचा. वासाने ताईंचं डोकं उठायचं. त्या म्हणायच्या, ही ओल आलेली गाडी नाही, ही चाकं आलेली ओल आहे. शेवटी त्यांनी निक्षून सांगितलं, की रविवारी भंगारवाला येतोय. तोवर गाडी कोरडी झाली तर राहील, नाहीतर पेशंट गेला असं समज आणि मोकळा हो.

तुम्हाला ही गंमत वाटेल. माझा जीव टांगणीला लागला होता.

मग शोध सुरू झाला. ताई बाहेरून नळीने पाणी मारायच्या, आधी खाली, मग हळूहळू वर. डॉक्टर आत ओणवे होऊन, तोंडात घालायचा तो छोटा आरसा फटीफटीतून फिरवायचे. कागदाची पट्टी दारात धरून दार मिटायचे आणि ओढून बघायचे. सहज निघाली, तर तिथलं रबर सैल. सगळी रबरं बदलून झाली. पाणी येतच राहिलं. आणि ऊन पडलेल्या दिवशीही दारातून डुचमळल्याचा आवाज यायचा, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा.

पाण्याची वाट कळावी म्हणून डॉक्टरांनी माझ्या सगळ्या तळावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. सकाळी येऊन पाहिलं. डाव्या दारापासून एक ओघळ आला होता, तो ठीकच. पण मागच्या सीटपुढे दोन पावलांएवढ्या जागी पावडर पडलीच नव्हती. आणि त्या दोन जागांच्या मधोमध, छत्रीच्या टोकाएवढा एक गोल ठिपका होता.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते स्वतःच्या बाहीने पुसलं. ताईंना काही सांगितलं नाही.

शनिवारी ते आरशाच्या दांडीने माझं दार वरपासून खालपर्यंत ठोकत आले, दुखरा दात शोधताना ठोकतात तसं. वर पत्रा टणटण वाजला. तळाशी आवाज भद्द झाला. त्यांचा चेहरा पडला.

"ताई," ते म्हणाले, "आत साचलंय. आणि मीच कोंडलंय."

खिडकीच्या काचेलगत पाणी दारात उतरणारच. ते खालून निघून जावं म्हणून तर कारखान्याने मला ती भोकं दिली होती. डॉक्टरांनी स्वतःचंच सिमेंट कोरून काढलं. काळं पाणी बाहेर पडलं, पडतच राहिलं. एका दारात मावेल त्याच्या कितीतरी पट. आणि त्याला यंदाच्या पावसाचा वास नव्हता.

रविवारी ताईंनी मला नळीने न्हाऊ घातलं. भंगारवाला दोर घेऊन फाटकाशी उभा होता. ताईंनी पुढची सीट चाचपली, खालचा तळ चाचपला. सगळं कोरडं. मग त्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे हात नेणार, तेवढ्यात डॉक्टर चटकन आत शिरले आणि नेमके तिथेच बसले.

"कोरडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. भंगारवाला दिसेनासा होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

उठले तेव्हा त्यांची पँट मागून ओलीचिंब होती. ताईंनी ती पाहिली.

"या वयात, डॉक्टर?" एवढंच म्हणाल्या, आणि हसत चहा टाकायला गेल्या.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूचं भोक दिसलं की बुजवायला धावू नका. ते कशासाठी आहे हे आधी विचारा. पाण्याला वाट द्या, आम्ही म्हातारे अजून पुष्कळ वर्षं टिकतो.

आणि त्या बाई? त्या शनिवारीच उतरल्या, पाण्याबरोबर. मी डोळ्यांनी पाहिलं. दार उघडलं, छत्री उघडली, आणि मागे वळूनही न बघता त्या फाटकाबाहेर गेल्या. माझा हिशेब जुळला. आता मी आतून कोरडी आहे, मोकळी आहे. मग बाहेर का उभे? या, आत या. मागे तिघांची जागा आहे.

"दोघांची," मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज आला. "मुलांना खोटं कशाला सांगतेस गं? मी कुठे उतरले?"