वरचे सूर

ज्योतीने तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि ॲम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हच्या बुडाशी असलेला शेंगदाण्याएवढा कॅपॅसिटर चिमट्याने अलगद उचलला.

"हा काढला की आवाजाचा जोर उतरेल, मामा. आता फाटायला नको."

स्टुलावर बसलेल्या दगामामांनी मान डोलावली. नात्याने ते तिचे कोणी नव्हते. डिंडोलीतल्या ज्या गल्लीत तिचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच गल्लीत त्यांचं घर. अठ्ठावीस वर्षं दिवसा लूमच्या खात्यात यंत्रमागावर आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटारवर, असं त्यांचं आयुष्य गेलं. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्याच्या मालकाने काचेच्या व्हॉल्व्हचा हा जुना ॲम्प्लिफायर त्यांच्या पदरात टाकला. घरच्या कपाटापेक्षा ते त्याला जपत.

आवाज फाटतो म्हणून महिन्याभरात ते तिसऱ्यांदा आले होते. आधी ज्योतीने व्हॉल्व्ह बदलून कमी जोराचा बसवला. मग स्पीकर बदलून पाहिला. दोन्ही वेळा मामा दोन दिवसांनी परत दारात. रविवारी त्यांच्या मुलीची, प्रियांकाची हळद होती आणि पप्पांनी गिटार वाजवायचीच, असा तिचा हट्ट होता.

ज्योतीने वायर जोडली. मामांनी गिटार मांडीवर घेतली, खालून वरपर्यंत एक सुरावट वाजवली आणि तोंड वाकडं केलं.

"वरती गेलं की अजून फाटतंय, माय. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं."

ज्योतीला तर सूर काचेसारखा लख्ख ऐकू आला होता. तिने तपासणीचं यंत्र लावलं. पडद्यावरची हिरवी लाट गोल, गुळगुळीत होती. कुठे खरचटलेली नाही, कुठे कापलेली नाही. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं.

"मामा, मी यंत्रातून एकेक सूर सोडते. ज्या सुराला फाटेल तिथे सांगा."

तिने खालचा सूर सोडला.

"हा चांगला."

मधला सोडला.

"हाही बरा आहे."

तिने बटण आणखी फिरवलं. मामा स्पीकरकडे कान करून बसले. ज्योतीने आणखी वर नेलं, आवाजही वाढवला. सूर सुईसारखा दुकानभर फिरू लागला. तिच्या दाढा शिवशिवल्या.

"लाव ना आता," मामा म्हणाले.

तिचा हात बटणावरच थांबला.

शेजारचा गुजराती शिंपी कानांवर हात दाबून दारात आला. "बेन, बंद कर ने! कान फाटी गया!"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं. मग ज्योतीकडे.

"काय व्हयनं, माय? लावलेलंच आहे का?"

ज्योतीने बटण बंद केलं. शिंपी पुटपुटत निघून गेला. मामा गिटारच्या लाकडावरून अंगठा फिरवू लागले.

"खात्यात मागांच्या खडखडाटात आमचं बोलणं सगळं खुणांनीच चालायचं," ते म्हणाले. "एकमेकांचं ऐकू यायचंच नाही. घरी आलो की कान मोकळे होतील, असं वाटायचं."

"डॉक्टरकडे जाऊ या, मामा. मी येते बरोबर."

"जाऊ. हळद होऊ दे." त्यांनी ॲम्प्लिफायरवर हात ठेवला. "म्हणजे ह्याला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"मग पहिल्यासारखं करून ठेव. उगाच बिचाऱ्याचा जीव काढला आपण. आणि प्रियांकाला बोलू नको. पोरगी हळदीत रडत बसेल."

ज्योतीने कॅपॅसिटर परत जोडला. जुना व्हॉल्व्ह पुसून बसवला, जुना स्पीकर घातला. मामा उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"रविवारी माझ्यासमोर उभी राहशील? हात वर केलास तर मी आवाज कमी करीन. खाली केलास तर वाढवीन. छातीशी धरलास तर बरोबर चाललंय, असं समजेन."

रविवारी संध्याकाळी गल्लीत मांडव भरला. हळदीने माखलेली प्रियांका पाटावर बसली होती. मामांनी ॲम्प्लिफायर लावला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबले आणि वाजवायला लागले. ज्योती बायकांच्या पुढे येऊन उभी राहिली. सुरुवातीला तिने एकदा हात वर केला. मामांनी लगेच बटण मागे घेतलं. मग तिने हात छातीशी आणला.

एरवी ते बोटांकडे बघून वाजवत. आज त्यांची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. बोटं बारीक तारांवर चढली. सूर स्वच्छ निघाला, मांडवभर पसरला. बायकांची कुजबुज थांबली. प्रियांका हसत डोलायला लागली.

ज्योतीचे डोळे भरून आले. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं. पुसायला हात वर नेला असता तर मामांनी आवाज कमी केला असता. तिने तो तसाच छातीशी धरून ठेवला.