नाकाला बारतोंडी, जिभेला किराईत

पिकलेल्या बारतोंडीला सडक्या मासळीसारखा वास येतो असं म्हणणं म्हणजे मासळीवर अन्याय. मासळी सडली तरी तिला थोडी लाज असते. बारतोंडीला नाही. हिरवी असते तोवर अंगभर डोळे फुटलेल्या बटाट्यासारखी झाडावर गप्प बसते. मग पिवळट होते, मग पांढरी, मेणचट, आतलं दिसेल इतकी पातळ कातडीची. आणि एका सकाळी गडग्यावरून आमच्या अंगणात पडून फुटते. थप्प! नासलेल्या दह्यात पावसाळाभर मोजा भिजत घाला, त्यात कुणाला तरी ओकायला लावा, वर झाकण ठेवा. आता झाकण काढा. तो वास.

गोव्यातल्या हळर्णात आमचं घर आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचं घर, मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. भाऊ गेला, पलीकडे सत्यवती वहिनी आणि त्यांचा मुलगा रुद्रेश असतात. वहिनी नार्व्याच्या. माहेरच्या नदीकाठावरून त्यांनी बारतोंडीचं रोप आणून गडग्याला लावलं. हल्लीचे लोक तिला नोनी म्हणतात. नाव बदलून वास जात असता तर गावातल्या अर्ध्या माणसांची नावं मी बदलली असती.

माझी बायको प्रभावती मयेची. तिने माहेरून किराईत आणलं, कडूजहर पाल्याचं औषधी झुडूप. ते न्हाणीच्या मागे, माडाच्या अर्ध्या सावलीत.

आता दोघांचे लाड बघा. किराइताचं बी मिरगाच्या सुमारास पडतं. खाली पाणी तुंबलं की मूळ कुजतं, म्हणून प्रभावती त्याला उंच वाफा करून देते, तण काढते, फूल डोकावलं की लगेच कापते, आणि उन्हात पान काळवंडतं म्हणून सावलीत वाळवून जुड्या बांधून वाशाला टांगते. माझा सदरा मात्र भर उन्हात तीन दिवस तारेवर असतो, त्याची तिला आठवण नसते. बारतोंडीला काही लागत नाही. दगडाच्या फटीत लावा, खारं पाणी घाला, विसरून जा. ती बारा महिने फळ देते. बेशरमाला राखण कशाला?

एकदा एका कावळ्याने तिच्या फळात चोच मारली आणि चोच धुवायला तो थेट शापोरा नदीच्या पाण्यापर्यंत गेला, अजून धुतोय. मोप्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या घरावर आली की आवंढा गिळतात. किराइताचीही तीच तऱ्हा. त्याचा काढा प्यालेल्या दिवशी मला एक डास चावला. तो तिथेच उताणा पडून आईच्या नावाने रडला. मी स्वतःच्या कानाने ऐकलं.

तर अशात माझा उजवा गुडघा धरला.

सत्यवती वहिनी गडग्यावरून म्हणाल्या, "भावजी, सकाळी अनशापोटी आमच्या बारतोंडीचो एक गिलास घेयात. म्हयन्यात गुडघो धावतलो."

"गुडघो धावतलो आणि मी मागे ऱ्हवतलंय," मी म्हणालो.

प्रभावती आतून बाहेर आली. "वयनी, ता तुमचा नार्व्याचा कुजाट पाणी ह्यांका नको. आमचा मयेचा किरायत चार पिढ्यो पितत."

"पितत म्हणानच चार पिढ्यांची तोंडा वाकडी!"

"वाकडी आसतली, पण घाणीचा भपकारो तरी येणा नाय!"

दोन माहेरं भांडली की मधल्या गड्याचं काय होतं ते सांगायला नको. दोघींनीही माघार घेतली नाही, म्हणून पहाटे बारतोंडी आणि तिन्हीसांजेला किराईत असं ठरलं. एका गोष्टीवर मात्र दोघींचं लगेच एकमत झालं: औषध चालू आहे तोवर मासळी बंद.

बांगड्याचे दिवस होते. पलीकडे रुद्रेश जेवायला बसला की उडदमेथीचा, तिरफळाचा वास गडगा ओलांडून येई आणि माझ्या पानात दुधीभोपळा. वहिनींची बरणी उन्हात दोन महिने ठेवलेली. फळं आपोआप विरघळून तळाला तपकिरी पाणी साचलेलं, वर बुळबुळीत साय. तो गिलास नाकाखाली आला की मी दोन बोटांनी नाक दाबून धरी. संध्याकाळचा काढा हिरवा, स्वच्छ, गाळलेला. पण पहिल्या घोटाला जीभ टाळ्याला चिकटायची आणि रात्रीची भाकरीसुद्धा कडू लागायची. एक नाकातून मारतं, दुसरं जिभेवरून. गुडघा होता तिथेच, मधे बसून मजा बघत.

औषध थांबल्याशिवाय बांगडा नाही. मग मी डोकं लावलं.

दिवाळीनंतर आमची दोन्ही घरं मिळून परसातल्या आंब्याखालच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ आणि रोट ठेवतात. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, मी घालतो, कारण माझा आवाज मोठा. आता गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही. घालणाऱ्याने "रे म्हाराजा" म्हटलं की बाकीच्यांच्या तोंडातून "व्हय म्हाराजा" आपोआप निघतं, जांभईला जांभई येते तसं. त्या दिवशीही सगळे हात जोडून उभे राहिले.

"बा राखणदारा, दोनय घरांची माणसा मिळान तुका नारळ-रोट ठेयतत, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेर जनावर-किरडू आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरांत जी कोण दुसऱ्याक औषध पाजता, तिणा आदी तेचो भरलेलो गिलास सगळ्यांसमोर आपण पियाचो आणि मगे पाजुचा, अशी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठे आवाज त्या दोघींचे.

रुद्रेश आधी हसून फुटला. "आये, काय म्हणालंस कळला मां तुका?"

राखणदारासमोर दिलेला शब्द. तो परत घ्यायची छाती कुणाची? मी नारळाचा तुकडा चघळत आकाशाकडे बघत होतो. वहिनींनी आपली बारतोंडी जन्मात चाखलेली नव्हती. प्रभावती लहानपणी किराईत पाजायला आले की माळ्यावर लपायची, हे मला सासूनेच सांगितलं होतं. दोघी नकार देणार, औषध बंद होणार. मी रुद्रेशला कानात सांगितलं, "फाल्यां बांगडे हाड. मोठे बघून."

सकाळी दोघी आपापले गिलास घेऊन अंगणात आल्या. गडग्यावर वाड्यावरची सगळी माणसं जमलेली.

वहिनींनी डोळे मिटले, माहेरच्या देवाला "सप्तकोटेश्वरा!" म्हणाल्या आणि एका दमात ओतलं. त्यांच्या मानेवरची एकेक शीर उभी राहिली. नाकातून, कानातून, मला वाटतं अंबाड्यातूनही वास निघाला. मग ढेकर आला. पहिल्या रांगेतली माणसं दुसऱ्या रांगेत गेली.

प्रभावतीने मयेच्या इभ्रतीसाठी काढा तोंडाला लावला. घोट घोट प्याली. डोळ्यांतून पाणी, ओठ वडाच्या वाळक्या पानासारखे वळलेले, पण गिलास उपडा करून दाखवला.

"दी गे तुजा ता," वहिनी ओकारी दाबत म्हणाल्या, "काय पण दी!"

प्रभावतीने भांड्यातला उरलेला काढा त्यांच्या हातात दिला. वहिनींनी गिळला, थांबल्या, हाताच्या ओंजळीत फुंकर घालून हुंगलं.

"गे प्रभावती! वास गेलो!"

"खरा?"

"हुंगून बघ!"

प्रभावतीने हुंगलं. दोन महिने एकमेकींशी सरळ न बोललेल्या दोघी तोंडात तोंड घालून हुंगत होत्या, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

"म्हणजे तुमची आदी, माझा मागसून," प्रभावती म्हणाली.

"एकदमच दिला तर?"

"पण तुम्ही पियालात," मी घाईघाईने म्हणालो, "झाला मां! सपला!"

"आदी आमी, मगे पाजुचा," वहिनी म्हणाल्या. "गाऱ्हाणा तुमचाच मां, भावजी?"

तेवढ्यात रुद्रेश बांगड्यांची पिशवी घेऊन आला. निळे, कडक, कल्ले लाल. प्रभावतीने पिशवीकडे बघितलं. "आता आमीय औषध घेतला. म्हणजे पथ्य आमकाय. दोनय घरांत मासळी नाय." आणि पिशवी उचलून आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बेळगावच्या गवंड्याला, परशुरामला, देऊन टाकली.

दुपारी त्याच्या चुलीवर बांगडे चुरचुरू लागले. परशुराम बोटं चाटत दारात आला. "काका, लई चांगलं औषध हाय बघा. चालू ठेवा!"

माझ्यासमोर एकच गिलास होता. खाली तपकिरी, वर हिरवं. दोघी माझ्या दोन बाजूंना बसलेल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. तळातून एक जाडसर बुडबुडा हिरव्यातून सावकाश वर आला, काठाशी थांबला, माझ्याकडे बघून फुटला.

"पिया," प्रभावती म्हणाली. "थंड झाला काय आणखीन वास येता."