नारिंगी गाडी आणि राखाडी गाडी

पन्नास वर्षं संसार केलेली माणसं एकमेकांना डोळे मिटूनही ओळखतात. हिसाएबाई नागामींच्या नवऱ्याने त्यांना उघड्या डोळ्यांनी ओळखणं सोडलं, त्याला दोन वर्षं होत आली होती.

गाडीला मात्र कात्सुयोशी ओळखायचे. निवृत्तीनंतर हौसेने त्यांनीच घेतलेली ती. नारिंगी अंगाची, पांढऱ्या छपराची, जपानात छोट्या गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटची. जीपचा आव आणून उंच टाचांवर उभी, पण इंजिन मोटरसायकलच्या मापाचं, त्यामुळे घाटात खोकायची. सीटा आडव्या करून समुद्रकाठी झोपायचं, असा दोघांचा बेत होता. एकदा झोपले. कात्सुयोशींची मान धरली.

आता ते घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात होते. रोज दुपारी खिडकीतून नारिंगी ठिपका दिसला की टोपी घालून दाराशी येत. इमारतीत हिसाएबाई त्यांच्या लेखी नर्सबाई होत्या. गाडीत बसलं की चित्र पालटे.

"अगं, हळू घे. पुढे वळण आहे."

"घेते हो," हिसाएबाई म्हणत. गाडी पार्किंगमध्ये उभी असे. गोड सारणाचा पाव अर्धा अर्धा खाऊन होईपर्यंत त्या बायको असत. मग पुन्हा नर्सबाई.

नववर्षाला मुलगा नोरिहितो ओसाकाहून आला. गाडीच्या डाव्या अंगावरचा ओरखडा त्याने बोटाने तपासला.

"आई, खांब दिसला नाही तुला?"

"दिसला की. म्हणून तर एवढ्यावर निभावलं."

"लायसन्स परत करून टाक आता. तुझ्या वयाचे सगळे करतात."

"करीन. बस सुरू झाली की लगेच."

बस बंद होऊन जमाना झाला होता. नोरिहितोने ओरखड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "निदान स्वतःहून ब्रेक लावणारी गाडी घे. हीच, नवी. मी देतो. रंग हाच ठेवू ना?"

मुलाने एवढं देऊ केल्यावर वर रंगही मागायचा, हे हिसाएबाईंच्या गावात कुणी केलं नसतं. त्या म्हणाल्या, "छे रे. या वयात असला भडक रंग. चालवताना मलाच लाज वाटते."

यावर समोरच्याने 'नाही हो, शोभतो तुम्हाला' म्हणायचं असतं. मग आपण पुन्हा नाही म्हणायचं, त्याने पुन्हा आग्रह करायचा, आणि नाइलाज झाल्यासारखं हो म्हणायचं. नोरिहितोलाही हे एके काळी येत होतं. ओसाकात राहून मोडलं. तो म्हणाला, "बरं."

वसंतात तो राखाडी गाडी घेऊन आला. नारिंगी गाडी जाताना भंगारवाल्याकडे टाकून गेला.

"भडक नाही ना?"

"किती सोज्वळ रंग," हिसाएबाई म्हणाल्या आणि वाकून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी त्या घाट ओलांडून गेल्या. कात्सुयोशी खिडकीत होते. राखाडी गाडीवरून त्यांची नजर पुढे रस्त्यावर गेली आणि तिथेच थांबली. हिसाएबाईंनी हात धरून त्यांना खाली आणलं, गाडीत बसवलं, पाव पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. टोपी मांडीवर ठेवून परक्या घरी बसावं तसे बसले.

"अहो, मी हिसाए."

"हो का? आमच्या हिचंही नाव हिसाएच. येईलच आता, नारिंगी गाडी आहे तिची." त्यांनी अदबीने मान लववली. "गाडी जरा बाजूला घेता का? तिला लावायला जागा हवी."

हिसाएबाईंनी गाडी बाजूला घेतली.

परतताना त्या गॅरेजवाल्या इनोमाताकडे थांबल्या. त्याने भंगारवाल्याला फोन लावला. जुनी गाडी सकाळीच यंत्रात दाबून झाली होती.

"त्यात काय, काकू. हीच नारिंगी करून देतो."

"आणि नोरिहितो ओबोनला, पितरांच्या सणाला आल्यावर?"

"सांगा, रंग आवडला नाही."

"एवढ्या मायेनं आणलीय रे त्यानं."

इनोमाता त्याच गावचा. त्याने विषय वाढवला नाही, काच तेवढी पुसून दिली.

त्या रोज जात राहिल्या. पार्किंगच्या टोकाला गाडी लावत, दाराजवळची जागा मोकळी ठेवत. कात्सुयोशी टोपी घालून खिडकीत उभे असत.

रविवारी नोरिहितोचा फोन आला. "गाडी कशी आहे, आई?"

"फार छान. तुझे किती उपकार."

नव्या गाडीला पेट्रोल खरोखरच कमी लागत होतं.