ताईच्या रेडिओचं साल

मित्रमंडळी त्याला सालकाढ्या म्हणत. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ समोर आला की तो त्याचं साल काढायचा, आणि खोटं साल सांगणाऱ्या विक्रेत्याची सालटीसुद्धा. बॉडी बेकेलाइटची की नंतरच्या प्लास्टिकची, हे अंगठा घासून नुसत्या वासावरून सांगायचा. घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर रेडिओ बसलेले, पाहुणे उभे. बायकोने केव्हाच हात टेकले होते.

एक रेडिओ मात्र त्याने कधी उघडला नव्हता. ताईचा, सायीच्या रंगाचा. ताईने मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा वडिलांनी 'मला मुलगी नाही' म्हणून दार लावून घेतलं. ते गेल्यावर काही महिन्यांनी भाऊजी हा रेडिओ घेऊन आले. आजारी पडण्याआधी वडिलांनी तुझ्यासाठी घेऊन दुकानातच ठेवला होता, असं त्यांनी ताईला सांगितलं. ताई रेडिओ पोटाशी धरून रडली आणि वडिलांना माफ करून मोकळी झाली. त्यालाही, तिच्या धाकट्या भावाला, बाप पुन्हा आवडू लागला. पुढचं सगळं वेड त्यातूनच लागलं.

आता रेडिओ मुका झाला, म्हणून ताईनेच त्याला बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून त्याने रेडिओ पालथा घातला. मागच्या स्क्रूंवर कारखान्यातला लाल रंग जसाच्या तसा होता.

"ताई, याला आजवर कुणी हातच लावलेला नाही! सगळं मूळचं. घबाड आहे हे!"

पुठ्ठ्याचं झाकण निघालं. आत स्पीकरवर आकड्यांचा शिक्का होता. सवयीने तोंड उघडलंच. "बासष्ट साल, छत्तिसावा आठवडा. म्हणजे सप्टेंबर."

बोलून गेला आणि मग त्याला आठवलं. वडील त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले होते.

शेजारी भाऊजी पेपर वाचत होते. त्यांचं पान उलटायचं राहिलं.

"सप्टेंबर?" ताईने विचारलं.

"स्पीकर नंतर बदलला असेल." सालाच्या बाबतीत तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही धड जमलं नाही.

"आत्ताच म्हणालास, कुणी हात लावला नाही." ताई नवऱ्याकडे वळली. "अहो?"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "तू जेवत नव्हतीस. कुणाशी बोलत नव्हतीस. मला दुसरं काही सुचलंच नाही गं."

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. पण बाबांवर रागवायचा माझा हक्क होता हो. तो तुम्ही परस्पर काढून घेतलात." मग तिने भावाला विचारलं, "तू होतास ना घरात? शेवटच्या दुखण्यात त्यांनी एकदा तरी माझं नाव काढलं होतं का रे?"

तो तेव्हा शाळेत होता, पण वडिलांच्या उशाशी बसलेला असायचा. आईने एकदा ताईचा विषय काढला, तर वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. रेडिओ आल्यावर त्याने ते तोंड फिरवणं विसरून टाकलं होतं. आता 'हो' म्हणायला काय लागत होतं? भाऊजी तर डोळ्यांनी विनवत होते.

"नाही, ताई."

ताईने मान हलवली. थोड्या वेळाने ती रडायला लागली, आणि या वेळी तिला गप्प करायला भाऊजी उठले नाहीत.