दिंडीत अडकलेला नूरुद्दीन

सौदीत हुफूफजवळ हम्माद शेखांची मातीची गढी आहे. तिच्या मोठ्या दरवाजाच्या फळीत कमरेइतकीच दिंडी. शत्रू आलाच तर वाकून, एकेकटा, आधी मान पुढे करून यावा, ही त्यातली सोय. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. बघायला गेलेले दोघे अजून आतच आहेत.

दापोलीच्या नूरुद्दीनची सारी हयात शेखांच्या खजुराच्या वखारीत गेली. परवा लेकीचा, दुआचा, निकाह. संध्याकाळी दम्मामहून विमान. आठवडाभर निरोपाच्या जेवणावळी चालल्या होत्या आणि मटण-भाताचा कब्सा त्याने कुठेच नाकारला नव्हता. शेखांचा निरोप घ्यायला तो दिंडीत शिरला आणि पोटाशी अडकला. डोकं आत, पाय बाहेर माझ्याकडे; वखारीतला जुना सोबती म्हणून मी त्याच्याबरोबर आलो होतो.

"चाचा, ढकला."

"ढकलतोय. तू श्वास सोड."

"सोडला तर परत घ्यायला जागा नाही."

आतून शेख म्हणाले, "आजोबांच्या काळापासून या दारातून न विचारता कोणी आलेलं नाही."

"मी विचारून आलो, शेख."

"ते दाराला कुठे माहीत?"

शेखांनी अडसर काढून मोठा दरवाजा उघडला. नूरुद्दीन दारासकट उघडला. लावला, तर दारासकट परत आला.

"विमान गेलं तर माझी दुआ बापाशिवाय उभी राहील," तो हळूच म्हणाला.

शेखांनी वर पाहिलं. दरवाजाच्या माथ्यावर एक फट आहे. वेढा पडला की तिथून शत्रूवर खजुराची उकळती काकवी ओतायची. कोठारात खजुराच्या गोणी एकावर एक रचतात; वजनाने रस गळतो, पन्हळीतून रांजणात येतो. शेखांनी रांजणभर रस कोमट करून वर नेला.

"यल्ला, चाचा, बाजूला व्हा," शेख वरून ओरडले.

काकवी पडली. नूरुद्दीन साबणाच्या वडीसारखा निसटला तो थेट अंगणातल्या विहिरीच्या कठड्याला टेकला.

विमानात त्याला पट्टा लावावा लागला नाही. मुंबईत उतरवायला मात्र चार माणसं लागली. पण निकाहाला तो वेळेवर उभा होता. तीनदा आंघोळ करूनही दाढीतली काकवी गेली नव्हती. पाठवणीला दुआ गळ्यात पडली आणि दोघं सुटेनात. नवऱ्याकडच्यांनी तासभर गाड्या चालू ठेवल्या.

"मी काय करू," नूरुद्दीन म्हणाला, "गढीचा माल. बाहेरच्यांना थोपवायलाच केलेला."