दार बंद, मीटर चालू

माझा धंदा लोकांना बोलतं करण्याचा. एका संस्थेत मी प्रशिक्षक आहे. शेजारीपाजारी एकत्र बसून बोलले की समाज कसा बदलतो, हे मी सहा पायऱ्यांच्या तक्त्यावरून शिकवतो. तक्ता मीच काढलाय, पायऱ्या रंगीत आहेत. पहिल्या पायरीवर लिहिलंय 'मन मोकळं करा', आणि ती वाचून दाखवताना माझा आवाज हमखास ओला होतो. समोरचे डोळे पुसतात. मग चहा येतो.

घरी मात्र आठ महिने मी वडिलांना कुलपात ठेवलं होतं.

बाबा विजेचे मीटर वाचायचे. बत्तीस वर्षं दारोदार हिंडले. निवृत्त झाले, आई गेली, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी माझं नाव, मग माझं नातं. मीटर तेवढे राहिले. एकदा ते तीन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून मीटर शोधताना सापडले. त्या घरातली बाई मला ओळखत होती. माझ्या शिबिराला येऊन गेली होती. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. बाबांना लागलं-बिगलं नाही ना, हे विचारायचं मला घरी पोचल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागलो. दुपारी जेवायला येऊन उघडायचं, परत लावायचं. गल्लीत सांगितलं, "बाबा पुस्तक लिहितायत. आठवणी. त्यांना त्रास देऊ नका." जगातले सगळे विषय सोडून मला आठवणीच सुचल्या! गल्लीने त्याचा मान राखला. बारा नंबरच्या औषधवाल्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पाठवला. चार नंबरच्या शिवणवाल्या काकू अधूनमधून विचारायच्या, "कुठवर आलंय रे?"

"बालपण चाललंय."

"आठ महिने बालपणच?"

"मोठं होतं त्यांचं बालपण," मी म्हणायचो. काकू माझ्याकडे बघत राहायच्या आणि मी घाईत असल्यासारखा सटकायचो.

मग संस्थेला फोटो हवे होते म्हणून मी माझ्याच गल्लीत शिबिर ठेवलं. रविवारी सकाळी, काकूंच्या घराला लागून असलेल्या शिवणवर्गाच्या खोलीत. अकरा खुर्च्या गोल मांडल्या. एका काखेत तक्ता, दुसऱ्या काखेत दोन घडीच्या खुर्च्या, दातात पेनं धरून मी घरातून निघालो, त्या गडबडीत कुलूप लावायचं विसरलो. पहिल्या पायरीवर एवढी वर्षं उभं राहून मी केलेलं हे पहिलं चांगलं काम, आणि तेही चुकून.

सुरुवातीला माझा लाडका खेळ असतो. लोकरीचा गुंडा घ्यायचा, टोक धरून ठेवायचं, गल्लीबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आणि गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा. शेवटी सगळ्यांमध्ये जाळं तयार होतं आणि मी म्हणतो, "बघा, हेच आपलं नातं!" त्या दिवशी कुणी म्हणालं पाणी वेळेवर येतं, कुणी म्हणालं शांतता आहे. औषधवाले म्हणाले, "आपल्याकडे कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही." टाळ्या पडल्या. मी ते तक्त्यावर 'बलस्थानं' या मथळ्याखाली लिहून घेतलं.

तेवढ्यात दारात बाबा उभे. डोक्यावर जुनी टोपी, हातात टॉर्च, काखेत वही, कानावर पेन्सिल.

"सगळे इथेच आहात होय," ते म्हणाले. "दारं वाजवून वाजवून कंटाळलो."

मी ताडकन उठलो. माझ्या हातातला धागा ताणला गेला आणि गल्लीच्या तोंडावरच्या सलूनवाल्याचा हात वर गेला, त्याच्याबरोबर आणखी चौघांचे. सगळे लाल लोकरीत अडकलेले. पळून जायची सोय मीच ठेवली नव्हती. बाबा वाकून धाग्यांखालून मधोमध आले आणि त्यांनी वही उघडली. आमच्या गल्लीत मीटर दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत असतात. सकाळभर ते सगळे बघून आले होते.

"चार नंबर. दार बंद, मीटर चालू."

"फ्रिज असेल हो," काकू म्हणाल्या.

"फ्रिजने मीटरची चकती रांगते, बाई. ही पळतेय. पंखा आहे, टीव्ही आहे. आत माणूस आहे." बाबांनी पान उलटलं. "बारा नंबर. दार बंद, मीटर चालू. तेच."

"आई धाकट्याकडे गेलीय," औषधवाले म्हणाले. आईबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"नऊ नंबर," बाबा म्हणाले. ते आमचंच घर. "आज उघडं सापडलं. एरवी बंद असतं. आत कोणी म्हातारा आहे, आतून दार वाजवत असतो. मी स्वतः ऐकलंय. फार वेळ वाजवतो, कोणी उघडत नाही. हे बरोबर नाही. नऊ नंबरवाले कोण आहेत?"

तक्ता माझ्या मागेच होता. सहाच्या सहा पायऱ्या. त्यातली एकही कामाची नव्हती. मी धाग्यासकट हात वर केला.

"मी."

"अहो, मग उघडत का नाही?"

मला ओळखायचे तेव्हा बाबा मला 'अरे' म्हणायचे. हे 'अहो' होतं.

"लाज वाटते," मी म्हणालो. आवाज ओला वगैरे झाला नाही, चिरकला. "ते म्हातारे माझे वडील आहेत. त्यांना काही आठवत नाही. लोक काय म्हणतील म्हणून मी कुलूप लावतो. पुस्तकबिस्तक काही नाही."

"ते माहितीये रे," काकू म्हणाल्या. "वाजवलेलं आम्हालाही ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललास?" काकूंनी हातातला धागा बोटाभोवती गुंडाळला. मग खाली बघत म्हणाल्या, "आत माझी नणंद आहे. घरात ठेवली नाही तर चारचार साड्या एकावर एक नेसून चौकात जाऊन उभी राहते. नवरा घ्यायला येणार म्हणते. तो जाऊन दहा वर्षं झाली. पोरं हसतात, म्हणून टीव्ही लावून देते आणि कडी घालते."

औषधवाले एकदम बोलले. "मी अख्ख्या गल्लीला स्मरणशक्तीच्या गोळ्या विकतो. आणि आई आत आहे माझी. धाकटा भाऊच नाहीये मला." एवढं बोलून ते रडायला लागले. धाग्यामुळे त्यांना डोळेही नीट पुसता येईनात.

सलूनवाल्याच्या घरी कुलपात कोणी नव्हतं. त्यामुळे असेल, त्यानेच सरळ विचारलं, "पण हे लोक बाहेर पडले तर नक्की होतं काय?"

"हरवतील!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"हरवून जातील कुठे? माझ्या दुकानावरूनच ना? मी दिवसभर आरशात रस्ताच बघत असतो."

मग जे बोलणं सुरू झालं ते दोन तास चाललं. पाळी कोणाची हे कोणी विचारलं नाही, सगळे एकमेकांच्या तोंडातले शब्द ओढत होते. कोण कुठे किती वाजता असतं, कोणाच्या दारातून काय दिसतं, हे मला त्या गल्लीत चाळीस वर्षं राहून पहिल्यांदा कळलं. मधेच तक्ता पडला. काकूंनी त्यावर चहाचे कप ठेवले. पहिल्या पायरीवर अजून गोल डाग आहे.

ठरलं असं, की रोज दहा ते बारा तिन्ही दारं उघडी ठेवायची. काकूंची नणंद आणि औषधवाल्यांची आई शिवणवर्गात बसून बटणं निवडतील. बाबा आपल्या कामावर जातील आणि प्रत्येक घर त्यांना मीटर दाखवून पुढच्या घराला कळवेल. सलूनवाल्याने फोनवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'मीटर'. मी त्यावर लगेच चौदा मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वं टाकली. उत्तरादाखल एक अंगठा आला, त्याच्याखाली "बाबा सहा नंबरवरून निघाले. पाणी प्यायले."

पहिल्या दिवशी मी लपतछपत बाबांच्या मागे होतो. सलूनवाल्याने वस्तरा हातात घेऊनच मला अडवलं. "तुम्ही कामावर जा. तुम्हाला बघून ते बिचकतात."

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका सोमवारी सलून बंद होतं आणि बाबा सरळ मागच्या गल्लीत गेले. वीस मिनिटं ग्रुपवर सगळे एकमेकांना विचारत होते. त्यांना तिथल्या इस्त्रीवाल्या बाईने बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमध्ये आली. आठवड्याने तिने हळूच लिहिलं, 'आमच्याकडेही दोन दारं बंद असतात.' महिन्याभरात ती उघडली. मी तिथे भाषण करायला तयार होतो, पण कोणी बोलावलं नाही. संस्थेला पाठवायच्या अहवालात मी लिहिलं, 'धाग्याचा खेळ परिणामकारक ठरला.' मग वाचून बघितलं आणि खोडलं. लोकरीचा खर्च तेवढा ठेवला.

परवा सुट्टी होती म्हणून मी घरी होतो. बाराच्या सुमाराला उघड्या दारावर टकटक झाली. बाबा. टोपी, टॉर्च, वही.

"मीटर बघायचंय."

"बघा ना."

त्यांनी बघितलं, लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली. "घरात कोण कोण असतं?"

"मी आणि माझे वडील."

"पूर्वी इथून दार वाजवल्याचा आवाज यायचा."

"हो. माझं चुकलं."

"वडील दिसत नाहीत कुठे?"

"कामावर गेलेत."

ते खूश झाले. या वयातही, असं काहीतरी पुटपुटले. "किती वाजता येतात?"

"बारा वाजता."

बाबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. बारा वाजले होते.

"मग भेटूनच जातो," ते म्हणाले, आणि आत येऊन आपल्या खुर्चीत बसले.